जीन अपशॉ: लढाई जिंकण्यासाठी ज्याने युनियनच मोडली

९ जानेवारी १९७७. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचं रोझ बोल मैदान, अमेरिकन फुटबॉलचा अकरावा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. ओकलंड रेडर्सची फळी गुडघ्यात वाकून, एक हात जमिनीला टेकवून थांबली आहे. डावीकडच्या टोकाला टॅकल आर्ट शेल. त्याच्या उजव्या हाताला गार्ड जीन अपशॉ, पाठीवर ६३ आकडा, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकटपट्ट्यांनी आणि गाद्यांनी गच्च बांधलेले. समोर मिनेसोटा वायकिंग्जचा अॅलन पेज. १९७१ मध्ये संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस. चेंडू मागे जातो, अपशॉ पेजच्या छातीत शिरतो आणि त्याला एका बाजूला रेटतो. जेमतेम दोन पावलांची फट पडते. त्या फटीतून क्लॅरेन्स डेव्हिस चेंडू घेऊन निसटतो.

हीच चाल रेडर्सनी दिवसभर खेळली. डावीकडे, परत डावीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांनी चेंडू घेऊन पळत २६६ यार्ड कापले, त्यांतले १३७ एकट्या डेव्हिसचे. सामना ३२–१४ असा जिंकला. नोंदवहीत डेव्हिसच्या नावापुढे १३७ लागले. अपशॉच्या नावापुढे काय लागलं? काहीच नाही. लाइनमनच्या कामाचा हिशोब ठेवायला नोंदवहीत रकानाच नव्हता.

हा माणूस समजून घ्यायचा तर आधी हे काम समजून घ्यावं लागतं, म्हणून थोडं तपशिलात सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी प्रत्येक बाजूचे ११ जण मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघातले पाच जण म्हणजे ‘ऑफेन्सिव्ह लाइन’: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. नियमानुसार हे पाच जण एरवी पुढे फेकलेला पास झेलू शकत नाहीत. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला वाचवायचं किंवा त्याच्यासाठी वाट काढायची, एवढंच त्यांचं काम. दहीहंडीचा सगळ्यात खालचा थर आठवा. हंडी फोडणाऱ्या पोराचा फोटो छापून येतो. खालच्या थरातला एक जण जरी हलला, तर सगळे थर कोसळतात.

गार्डला आणखी एक अवघड काम असतं. कधी कधी समोरून वाट निघत नाही. मग गार्ड आपली जागा सोडतो, वळतो, फळीला समांतर धावत बाहेरच्या बाजूला जातो आणि तिथून अचानक पुढे वळून वाटेत येणाऱ्या पहिल्या माणसाला आडवा करतो. याला ‘पुल’ करणं म्हणतात. ६ फूट ५ इंच उंच, ११५ किलोच्या आसपास वजन, आणि तरी मागून येणाऱ्या चपळ धावपटूच्या पुढे राहील इतका वेग. असं शरीर घेऊन हे काम करणारा अपशॉसारखा गार्ड त्या काळात विरळाच. समोरून जमत नसेल तर बाजूने जायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

जन्म १५ ऑगस्ट १९४५, टेक्सासमधलं रॉब्सटाउन. दक्षिण टेक्सासचा हा कापसाचा पट्टा. कृष्णवर्णीय कुटुंबातला हा मुलगा भावांबरोबर शेतात कापूस वेचायचा. त्याचा भाऊ मार्विनही पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळला. जीन मात्र शाळेत फुटबॉल फारसा खेळलेलाच नव्हता. किंग्जव्हिलच्या टेक्सास ए अँड आय या लहानशा कॉलेजात तो कोणत्याही शिष्यवृत्तीशिवाय संघाच्या सरावाला जाऊन उभा राहिला आणि प्रशिक्षक गिल स्टाइंकी यांनी त्याला ठेवून घेतलं. चार वर्षांत अंग भरलं, उंची वाढली. १९६७ मध्ये, क्लब कॉलेजच्या खेळाडूंना आळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, रेडर्सनी पहिल्याच फेरीत, एकूण १७ व्या क्रमांकावर त्याला उचललं. कारण सरळ होतं. प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटीकडे बक ब्युकॅनन नावाचा ६ फूट ७ इंचांचा बचावपटू होता. रेडर्सचे सर्वेसर्वा अल डेव्हिस यांना वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभा राहील असा कुणीतरी हवा होता.

तो उभा राहिला. पहिल्याच वर्षापासून नियमित सामन्यांत सलग २०७ वेळा तो संघात होता. १९८१ मध्ये एक सामना चुकला, पुढच्या आठवड्यात परत आला आणि आणखी दहा खेळला. साठ, सत्तर आणि ऐंशी या तिन्ही दशकांत एकाच संघाकडून सुपर बोल खेळलेला तो एकमेव खेळाडू. पहिला, जानेवारी १९६८ मधला, ग्रीन बेकडून ३३–१४ असा हरला. नंतरचे दोन जिंकला. १९८७ मध्ये, पात्र झाल्या झाल्या, त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, स्थान मिळालं. फक्त गार्ड म्हणून खेळलेला तो तिथला पहिला. संघातले सोबती त्याला ‘गव्हर्नर’ म्हणायचे, कारण खेळाडूंचा शब्द मालकांपर्यंत पोचवायचा असला की हाच पुढे व्हायचा. तो अनेक वर्षं रेडर्सचा युनियन प्रतिनिधी होता, पुढे संपूर्ण खेळाडू संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९८३ मध्ये तिचा कार्यकारी संचालक. अमेरिकेतल्या मोठ्या क्रीडा संघटनेचं हे पद सांभाळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. मरेपर्यंत, म्हणजे २५ वर्षं, तो या पदावर राहिला.

आता मुख्य प्रश्नाकडे. खेळाडू मालकांशी भांडत होते ते नेमकं कशासाठी? पगार हा त्यातला एक भाग होता. मूळ दुखणं वेगळं होतं. करार संपल्यावरही खेळाडूला दुसऱ्या क्लबकडे जाता येत नव्हतं.

या दुखण्याची मुळं फार जुनी आहेत. बिल रॅडोविच नावाचा डेट्रॉइट लायन्सचा एक गार्ड होता. त्याचे वडील कॅलिफोर्नियात आजारी होते, म्हणून त्याने तिकडच्या संघाकडे बदली मागितली. मिळाली नाही. तो १९४६ मध्ये प्रतिस्पर्धी लीगमधल्या लॉस एंजेलिसच्या संघाकडून खेळला, तर त्याचं नाव काळ्या यादीत गेलं. त्याने खटला भरला आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की फुटबॉल लीगलाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो. बेसबॉलला १९२२ पासून या कायद्यातून सूट होती, ती फुटबॉलला मिळाली नाही. पुढची सगळी लढाई एका गार्डने जिंकलेल्या या निकालावर उभी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तरीही मालकांनी वाट शोधली. १९६३ पासून नियम असा झाला की करार संपलेला खेळाडू दुसऱ्या क्लबने घेतला, तर त्या क्लबने जुन्या क्लबला भरपाई द्यायची. ती किती, हे लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. आपल्याला किती किंमत मोजावी लागेल हेच माहीत नसेल तर कोण कशाला बोली लावेल? फारच थोड्यांनी लावली. जॉन मॅकी या बॉल्टिमोरच्या खेळाडूने १९७६ मध्ये कोर्टात हा नियम पाडला. पण पुढच्याच वर्षी युनियनने नव्या करारात भरपाईची वेगळी पद्धत मान्य केली आणि दरवाजा परत बंद झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत या वाटेने क्लब बदलणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

१९८२ मध्ये खेळाडूंनी ५७ दिवस संप केला. मागणी होती लीगच्या एकूण उत्पन्नात ५५ टक्के वाट्याची. मोसम नऊ सामन्यांवर आला, थोडेफार पैसे वाढले, वाट्याची मागणी मात्र हवेत विरली. अपशॉ तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता, वाटाघाटीच्या टेबलावर होता. त्यातून तो काय शिकला हे कळायला १९८७ उजाडावं लागलं, आणि ते शिक्षण फार महागात पडलं.

२२ सप्टेंबर १९८७ ला मोसमाचे दोन आठवडे झाल्यावर संप सुरू झाला. या वेळी मागणी थेट होती: करार संपला की मोकळीक. मालक तयारीत होते. उन्हाळी सराव शिबिरांतून ज्यांना काढून टाकलं होतं, अशा कित्येकांच्या हातावर त्यांनी आधीच हजार हजार डॉलर ठेवून ‘गरज पडली तर या’ असं सांगून ठेवलं होतं. संपाच्या पहिल्या आठवड्याचे सामने रद्द झाले. दुसऱ्या आठवड्यापासून तेच जर्सीचे रंग, तेच आकडे, पण आतली माणसं दुसरी. संप, टाळेबंदी, संपफोडे हे शब्द मराठीत गिरणगावाने घरोघरी पोचवले. त्याच गिरण्यांतला ‘बदली’ हा शब्द इथे चपखल बसतो. हे बदली खेळाडू होते. टीव्हीवाल्यांनी त्यांचे सामने दाखवले, लीगने ते गुणतक्त्यात धरले. वॉशिंग्टनच्या बदली संघाने तिन्ही सामने जिंकले, त्यांतला एक सोमवारी रात्री डॅलसच्या मैदानावर, आणि त्या बळावर पुढे वॉशिंग्टनने सुपर बोलही जिंकला.

संपावर बसलेल्या खेळाडूच्या घरात काय चाललं असेल ते बघा. त्याचा वर्षाचा पगार सोळा सामन्यांच्या सोळा भागांत मिळायचा. एक रविवार गेला की एक भाग गेला, कायमचा. बहुतेकांची कारकीर्द चार वर्षांच्या आत आटोपायची. म्हणजे हातात असलेल्या साठेक रविवारांपैकी एकेक जाळायचा, तोही अशा मोकळिकीसाठी जी मिळेपर्यंत आपण कदाचित खेळातच नसू. मोठमोठी नावं रेषा ओलांडून परत कामावर गेली. जो मोंटाना गेला, टोनी डॉर्सेट गेला, लॉरेन्स टेलर गेला. त्यांना मी दोष देणार नाही. पण त्यांच्यामुळे मागे राहिलेल्यांचा धीर सुटला हेही खरं. वाटाघाटीतली एक गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. डॅलस संघाचे अध्यक्ष टेक्स श्रॅम अपशॉला म्हणाले म्हणे, की तुम्ही गुरंढोरं आहात आणि आम्ही कुरणांचे मालक, मालकाला नवी गुरं केव्हाही मिळतात. टेक्सासच्या रानात कापूस वेचून मोठ्या झालेल्या माणसाला हे वाक्य कुठे लागलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

२४ दिवसांनी, १५ ऑक्टोबरला संप मोडला. पदरात काही नाही. खेळाडू करार नसताना कामावर परतले. करार नाही म्हणजे पगारातून युनियनची वर्गणी कापून घेण्याची सोयही गेली. मग अपशॉ आणि त्याचे सहकारी क्लबाक्लबांत, लॉकर रूममध्ये जाऊन एकेका खेळाडूकडे वर्गणी मागू लागले. नुकत्याच हरलेल्या संपाच्या नेत्याने, त्याच हरलेल्या माणसांसमोर उभं राहून पैसे मागायचे. मला त्याच्या सगळ्या आयुष्यातली ही सगळ्यात धीराची गोष्ट वाटते, सुपर बोलपेक्षाही. तिजोरी तरली ती आणखी एका गोष्टीने. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं तेव्हा अमेरिकेत धडाक्याने खपत होती. खेळाडूंनी आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याचा सामूहिक हक्क संघटनेच्या हाती दिला आणि त्या परवान्याच्या पैशांवर वकिलांची बिलं निघू लागली. हा परवान्याचा पैसा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

संप संपला त्याच दिवशी संघटना कोर्टात गेली. टॅम्पा बेचा टॅकल आणि संघटनेचा अध्यक्ष मार्विन पॉवेल याच्या नावाने खटला दाखल झाला. इथून पुढचा भाग वकिली आहे, पण उलगडला तर फार अवघड नाही.

समजा, एका बाजार समितीतल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी आपसात ठरवलं की ज्या शेतकऱ्याचा कांदा आजवर ज्याने घेतला, त्यानेच पुढेही घ्यायचा, बाकीच्यांनी बोली लावायची नाही. हा संगनमताने भाव पाडण्याचा प्रकार झाला. अमेरिकेत १८९० पासून असं संगनमत बेकायदा आहे. फुटबॉलचे मालक नेमकं हेच करत होते. मग त्यांना कायदा लागू का होत नव्हता? कारण कामगार कायदा म्हणतो की युनियन आणि मालक यांनी समोरासमोर बसून काही अटी ठरवल्या, तर त्या अटींना मक्तेदारीविरोधी कायदा लागत नाही. ते बरोबरही आहे. नाहीतर प्रत्येक वेतनकरार कोर्टात पाडता येईल. पण फुटबॉलमध्ये करार तर १९८७ मध्येच संपला होता. करारच नाही, तर संरक्षण कसलं? संघटनेचा मुद्दा हाच होता.

नोव्हेंबर १९८९ मध्ये अपील न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. करार संपला असला तरी युनियन आहे आणि तिचं मालकांशी वाटाघाटीचं नातं आहे, तोवर मालकांना संरक्षण आहे, असं न्यायालय म्हणालं. याचा अर्थ नीट बघा. खेळाडूंनी स्वतःच्या रक्षणासाठी उभी केलेली युनियन हीच मालकांची ढाल झाली होती. युनियन जितके दिवस जिवंत, तितके दिवस मालक सुरक्षित.

अपशॉने काही आठवड्यांत ती युनियन मोडली.

संघटनेने खेळाडूंच्या वतीने वाटाघाटी करण्याचा आपला कायदेशीर हक्क सोडून दिला. आता ती युनियन नाही, एक व्यावसायिक मंडळ आहे, असं जाहीर केलं. माणसं तीच, कचेरी तीच, पण कायद्याच्या नजरेत मालकांसमोर आता कुणी युनियन उरली नव्हती. कामगार चळवळीत वाढलेल्या कुणाच्याही पोटात हे ऐकून गोळा येईल. संघटना मिळवायला लोक जीव देतात आणि हा ती स्वतःहून टाकतो आहे. पण मला त्यात रोझ बोलवरचा गार्ड दिसतो. दोन संपांत तो समोरून धडकला आणि दोन्ही वेळा भिंत हलली नाही. आता त्याने जागा सोडली आणि बाजूने वळसा घेतला.

लीगने त्या काळात ‘प्लॅन बी’ नावाची पद्धत आणली होती. प्रत्येक क्लबने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांना दरवर्षी दोन महिने मोकळीक. म्हणजे ज्यांना बाजारात मागणी आहे ते सगळे बांधलेले आणि ज्यांची क्लबलाच गरज नाही ते मोकळे. जेट्सचा धावपटू फ्रीमन मक्नील आणि इतर सात खेळाडूंनी याविरुद्ध मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या संघराज्य न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश डेव्हिड डोटी. ज्युरीत आठ जणी, सगळ्या स्त्रिया. १० सप्टेंबर १९९२ ला त्यांनी निकाल दिला: प्लॅन बी बेकायदा. आठपैकी चौघांना मिळून ५ लाख ४३ हजार डॉलरची भरपाई, जी अशा खटल्यात कायद्याने तिप्पट होते. लीगच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ. पण आता प्रत्येक खेळाडू असा दावा लावू शकणार होता. फिलाडेल्फियाचा बचावपटू रेजी व्हाइट याच्या नावाने सगळ्याच खेळाडूंच्या वतीने दावा दाखल झाला आणि मालक तडजोडीला आले.

या गोष्टीत एक योगायोग आहे जो मला कधी विसरता येत नाही. रोझ बोलवर अपशॉच्या समोर उभा असलेला अॅलन पेजही आपल्या काळात संघटनेच्या कार्यकारिणीवर होता. खेळता खेळता त्याने कायद्याची पदवी घेतली आणि मिनेसोटातच, जानेवारी १९९३ मध्ये, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. त्याच जानेवारीत फुटबॉलचा हा तंटा मिटला.

१९९३ चा करार देवाणघेवाणीचा होता. खेळाडूंना मिळालं ते हे: पाच वर्षं, आणि पगारमर्यादा लागू झाल्यावर चारच वर्षं खेळलेला खेळाडू करार संपताच मोकळा. रेजी व्हाइट स्वतः फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर घेऊन. मालकांना मिळाली पगारमर्यादा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची ‘पर्स’ ठरलेली असते, तसंच हे. फरक एवढा की इथे मर्यादा लीगच्या उत्पन्नातल्या ठरलेल्या वाट्यावरून निघते. उत्पन्न वाढलं की मर्यादा आपोआप वाढते. १९८२ मध्ये ५७ दिवस रस्त्यावर बसून जी मागणी हवेत विरली होती, उत्पन्नात वाटा, ती मालकांनीच मागितलेल्या मर्यादेच्या पोटातून मिळाली. १९९४ मध्ये प्रत्येक क्लबची मर्यादा ३.४६ कोटी डॉलर होती, २००८ मध्ये ११.६ कोटी. आणि करार झाल्यावर मंडळ पुन्हा रीतसर युनियन झालं.

उणिवाही होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून क्लब दरवर्षी एका चांगल्या खेळाडूला अडवून ठेवू शकत होता. बेसबॉलपटूंचे करार शब्दाला पक्के असतात, फुटबॉलमध्ये तेव्हा बहुतेक पगार क्लबला वाटेल तेव्हा बंद करता यायचा. खेळाडूच्या हाती खात्रीने पडायचा तो सही करतानाचा बोनस. टीकाकार म्हणत की बेसबॉलच्या संघटनेने पगारमर्यादा कधी मान्य केली नाही, अपशॉने केली. मला वाटतं, दोन्ही खेळ वेगळे आहेत. बेसबॉलपटू पंधरा वर्षं खेळू शकतो, तो थांबू शकतो. साठ रविवारांचं आयुष्य असलेल्या माणसांना घेऊन तिसरा संप लढणं अपशॉला शक्य नव्हतं. त्याने ते पुरतं ओळखलं होतं.

पुढची पंधरा वर्षं शांततेची गेली. मराठीत ज्यांचं पटत नाही त्यांचा ३६ चा आकडा म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. अपशॉच्या पाठीवरचा आकडा ६३. तो देवनागरीत लिहिला की दोन्ही आकडे समोरासमोर येतात. १९८७ चा ३६ चा आकडा पुढे खरोखरच ६३ झाला. आयुक्त पॉल टॅग्लियाबू आणि अपशॉ यांनी एकही सामना न गमावता करार पुन्हा पुन्हा वाढवला. २००६ मध्ये तर उत्पन्नाचा जवळपास ६० टक्के वाटा खेळाडूंकडे आला. पण समोरासमोर बसणं अनेकांना सलगीचं वाटलं. त्याच वर्षी टीव्हीवरचे निवेदक ब्रायंट गंबल म्हणाले की टॅग्लियाबूंनी जाता जाता अपशॉच्या गळ्यातला पट्टा कुठे ठेवलाय ते नव्या आयुक्ताला दाखवून जावं. हे अन्यायाचं होतं. पट्टा बांधलेल्या माणसाला ६० टक्के मिळत नाहीत.

खरी जखम दुसरीकडे होती. अपशॉबरोबर आणि त्याच्या आधी खेळलेली माणसं म्हातारी होत होती. गुडघे गेलेले, पाठी मोडलेल्या, आणि कित्येकांच्या डोक्यात काहीतरी बिघडत चाललेलं. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेबस्टर, म्हणजे फळीतलाच माणूस, २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूत डॉक्टर बेनेट ओमालू यांना वारंवारच्या धक्क्यांनी होणारा आजार सापडला. अपंगत्वाचे पैसे ठरवणाऱ्या मंडळात निम्मे प्रतिनिधी मालकांचे आणि निम्मे युनियनचे होते. वेबस्टरच्या कुटुंबाला पूर्ण रकमेसाठी त्या मंडळाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २००६ मध्ये अपील न्यायालयात त्यांची सरशी झाली, वेबस्टरच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

तक्रारी वाढल्या तसा अपशॉ कठोर होत गेला. निवृत्त खेळाडू मला नेमत नाहीत आणि काढूही शकत नाहीत, मत आहे ते आज खेळणाऱ्यांकडे, अशा अर्थाचं तो बोलला. कायद्याने ते खरंही होतं. युनियन ज्यांच्या वतीने वाटाघाटी करते, त्यांत निवृत्त लोक येत नाहीत. पण कापसाच्या रानातून आलेल्या, लॉकर रूममध्ये वर्गणी मागत फिरलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य मला अजूनही बोचतं. १९८२, १९८७ चे रविवार ज्यांनी जाळले, त्यांच्याच जोरावर पुढच्यांना १९९३ मिळालं. त्यांच्यापाशी बोलताना ‘तुम्ही माझे मतदार नाही’ हे उत्तर पुरत नाही.

एक गोष्ट मात्र झाली. जॉन मॅकीला स्मृतिभ्रंश झाला होता. त्याची पत्नी सिल्व्हिया हिने टॅग्लियाबूंना आपली परिस्थिती कळवणारं पत्र लिहिलं. लीग आणि युनियनने मिळून २००७ मध्ये योजना सुरू केली: स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूच्या शुश्रूषागृहाच्या खर्चासाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत. मॅकीच्या जर्सीचा आकडा ८८, म्हणून ‘८८ प्लॅन’.

मे २००८ मध्ये मालकांनी जाहीर केलं की २००६ चा करार ते मुदतीआधी संपवणार. पुढच्या लढाईची तयारी सुरू झाली होती. १७ ऑगस्टला अपशॉला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. २० ऑगस्टला लेक टाहो इथे तो गेला. वयाची ६३ वर्षं पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. मोसमाच्या सुरुवातीच्या सामन्यांत सगळ्या संघांच्या जर्सीवर त्याची आद्याक्षरं आणि ६३ आकडा असलेली पट्टी होती.

जवळपास तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, ओकलंडच्या खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत आणखी एका ज्युरीने निकाल दिला. या वेळी दावा मालकांवर नव्हता, युनियनवर होता. सुमारे दोन हजार निवृत्त खेळाडूंचं म्हणणं होतं की त्यांच्या नावांच्या आणि चेहऱ्यांच्या परवान्याच्या पैशांत युनियनने त्यांना डावललं. हाच तो परवान्याचा पैसा, ज्यावर १९८७ नंतर संघटना तगली होती. ज्युरीने २ कोटी ८१ लाख डॉलर द्यायला सांगितले, पुढे थोड्या कमी रकमेवर तडजोड झाली. सगळ्या निवृत्तांच्या वतीने दाव्यात उभा होता ग्रीन बेचा हर्ब अॅडर्ली. जानेवारी १९६८ च्या सुपर बोलमध्ये रेडर्सचा पास मध्येच पकडून ६० यार्ड पळत जाऊन त्याने गुण मिळवले होते. त्या सामन्यात रेडर्सच्या डाव्या गार्डच्या जागी पहिल्याच मोसमातला, २२ वर्षांचा जीन अपशॉ होता.